सामाईक

मुंजाबाच्या बोळात, जिना चढून डावीकडे,
छपाईचं दुकान. तीन टेबलं, तीन यंत्रं,
तिन्हींची आडनावं वेगळी.

खिरे काकांकडे विंडोज सात,
मॉनिटरला दसऱ्याचं हळदकुंकू, अजून न पुसलेलं.
शमशादचा मॅक हप्त्यावरचा,
रोज संध्याकाळी धुतलेल्या रुमालाखाली झोपतो.
ओवीच्या लिनक्सला चेहराच नाही,
काळा पडदा आणि लुकलुकणारी एक रेघ.

आजवर यांच्यात एक पेनड्राइव्ह ये-जा करायचा,
लाल सुतळीला बांधून खिळ्याला टांगलेला,
शाळेतल्या बाथरूमच्या किल्लीसारखा.

तपकीर गल्लीतून मी स्विच आणला, आठ तोंडांचा.
निळी वायर माळ्यावरून फिरवली, कागदांच्या रिमांमागून,
एका मेलेल्या पालीला वळसा घालून.
वर्कग्रुपचं नाव काय ठेवायचं विचारलं
तर तिघं एकमेकांकडे बघायला लागली,
बारशाला आत्याच आली नाही तसं.
"दुकानाचंच टाका," काका म्हणाले. टाकलं.

मग हाका. पिंग म्हणजे काय,
एकानं हाक मारायची, दुसऱ्यानं ओ द्यायची.
मॅकनं ओ दिली. लिनक्सनं दिली.
काकांचं यंत्र गप्प.
"ते तसंच आहे," शमशाद म्हणाली,
"ऐकतं सगळं. बोलत नाही."
फायरवॉल होती, दारातच पाय पसरून बसलेली.
तिला म्हटलं, बाई, घरातलीच माणसं आहेत, सरक.

पुढे परवानग्या.
हिला वाचू दे, लिहू देऊ नको.
त्यांना वाचू दे, लिहू दे, पुसू देऊ नको.
(माझ्या सासरी पहिल्याच दिवशी
कुणी एवढं स्पष्ट लिहून दिलं असतं तर.)
काकांचा जुना फॉन्ट मॅकवर उघडला
तर चि. सौ. कां. च्या जागी नुसते चौकोन,
नवरी बुरख्यात की खिडकीत, कळेना.
लिनक्सला मोठा ए आणि छोटा ए
म्हणजे दोन वेगळी बिऱ्हाडं.

दुपारचे तीन. भूक. घाई.
आणि मी काकांचा अख्खा डी ड्राइव्ह उघडा टाकला.
चूक माझीच.
काका गॅलरीत, फोनवर कुणाला तरी सांगत होते
की मुहूर्त आठ बावन्नचाच छापलाय, प्रूफ तुम्हीच वाचलंय.
आत ओवीच्या पडद्यावर फोल्डर आले:
पत्रिका. अहवाल. प्रश्नपत्रिका. रोजचं.
रोजची कामं असतील म्हणून तिनं उघडलं.

१४ तारीख. उपाशीपोटी १८६. पोहे.
कुसुम असती तर ओरडली असती.
१५. उपाशीपोटी २११. काल जिलबी, चार वेढे.
कुणी ओरडलं नाही.
१६. मोजली नाही.

शमशाद खुर्ची सरकवून आली होती, ती तशीच उभी राहिली.
पंख्याखाली एक प्रूफ फडफडत होतं.
मी हात पुढे करून खिडकी बंद केली,
ड्राइव्ह परत झाकला,
नवा फोल्डर केला, नाव दिलं सामाईक,
फक्त तोच उघडा ठेवला.
काका आत आले. "झालं का?"
"झालं," ओवी म्हणाली. "सगळं दिसतंय."
आणि जीभ चावली.

तीन आठवड्यांनी पैसे न्यायला गेले.
मॅक फिरेल तिथे आपली एक लपलेली फाईल सांडून येत होता,
विंडोजही आपली. मी पुसल्या नाहीत.
पाहुण्यांची चप्पल दारात दिसणारच.

कोपऱ्यावरून चहा आला.
शमशादनं ट्रे घेतला, कप स्वतः वाटले,
एक कप मागे ठेवलेला, तो काकांपुढे.
काका घोट घेऊन थांबले.
"अण्णाचा हात आखडलाय हल्ली."
"साखर महागलीय, काका,"
ओवी मान वर न करता म्हणाली.
काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग शमशादकडे, मग माझ्याकडे.
कप रिकामा केला.

मी बिल लिहिलं:
स्विच, वायर तीस मीटर, मजुरी.
खाली काकांनी सही केली,
आणि सुतळीचा पेनड्राइव्ह खिळ्यावरून काढून
खणात टाकला, कुलूप न लावता.